थळ ते जंजिरा

समुद्र हा आम्हां मराठवाड्याच्या लोकांच्या वांट्याचा नव्हे, अशी आमच्या घरांत पूर्वापार समजूत आहे. नांदेडास आमच्या दारापासून हांकेच्या अंतरावर गोदावरी वाहते. पण तीही पश्चिमसमुद्राकडे पाठ फिरवून आलेली. त्र्यंबकेश्वरीं जेथें ती उगम पावते, तेथून हा समुद्र अवघ्या ८० किलोमीटरांवर आहे. तरी जवळचा समुद्र सोडून ती पूर्वेस वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. घाटावरून होडींत बसून पैलतीर गांठणें एवढीच काय ती आमची नौकानयनांतली मजल!

सन २०२५ च्या माघांत मात्र आम्हीं दोन दिवस समुद्रावर काढले. आणि तेही गर्दीच्या बोटींत नव्हे, तर एका स्नेह्यांच्या स्वतःच्या नावेंतून. त्या प्रवासाची हकीकत वाचकांस सादर करीत आहें. तींत एक घरगुती प्रकरण मिसळलेलें आहे. तें वगळून ही हकीकत सांगतां येत नाहीं, म्हणून आरंभीं तेंच सांगतों.

प्रवासाचें निमित्त आमच्या आत्याबाई. त्यांचें वय ८०, राहणें लातुरास. गांवाच्या जुन्या भागांत त्यांचा वाडा आहे व वाड्याच्या चौकांत एक आड आहे. १९७२ च्या दुष्काळांत साऱ्या बोळानें या आडाचें पाणी नेलें. पुढें नळ आले, मागोमाग बोअर आल्या, आणि आडाकडे कोणी पाहीनासें झालें. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्याच्या टांक्यांपाशीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदी पुकारावी लागली. अखेर १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी आणि पांच लाख लिटर पाणी! त्याच उन्हाळ्यांत आडही आटला. मग त्यावर फरशी बसली आणि फरशीच्या फटींतून केरकचरा आंत पडूं लागला.

आतां आत्याबाईंच्या मुलांनीं असें ठरविलें होतें कीं, वाडा उतरवून तेथें सदनिका बांधाव्या व आडाच्या जागीं मोटारी उभ्या कराव्या. यांत त्यांचें कांहीं चुकलें असें मी म्हणत नाहीं. चार भावांचीं बिऱ्हाडें त्या पडक्या वाड्यांत मावत नाहींत. अडचण एकच : वाडा आत्याबाईंच्या नांवावर, आणि त्या सही करीनात. समुद्र पाहण्याची इच्छा त्यांनीं पुष्कळ वर्षांपासून बोलून दाखविली होती. धाकट्या आतेभावानें ती संधि साधली. "दादा, तुम्ही तिला समुद्र दाखवा आणि येतांना तेवढी सही घेऊन या. तुमचा शब्द ती मोडणार नाहीं," असें म्हणून त्यानें संमतिपत्राचा लिफाफा माझ्या हातीं दिला. मींही तो पिशवीच्या तळाशीं घातला. खरें सांगावयाचें तर, हें काम मला तेव्हां फारसें वाईट वाटलें नाहीं.

नांदेडहून निघणारी पनवेलची गाडी लातूर, कुर्डुवाडी, पुणें या मार्गानें जाते. आत्याबाई लातुरास चढल्या. मी, माझी पत्नी आणि पुतण्या नांदेडापासून होतोंच. अंथरूण पसरतां पसरतां त्यांनीं विचारलें, "मिरजेचें पाणी याच रुळांवरून आलें ना रे?"

"होय, कुर्डुवाडीपासून लातुरापर्यंत हेच रूळ."

"मग नीट झोंप लागेल," असें म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दुसरे दिवशीं अलिबागेस पोंचलों. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी. दुपारीं ओहोटी होती. अलिबागेच्या पुळणीवरून समोर कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीच्या वेळीं तेथें घोडागाडींतून जातां येतें. घोड्याच्या गुडघ्याइतक्या पाण्यांतून आमची गाडी खडखडत निघाली, तेव्हां आत्याबाईंनीं गाडीचा दांडा घट्ट धरला होता. पण नजर मात्र पाण्यावरून हलली नाहीं.

हा किल्ला बांधण्यास शिवछत्रपतींनीं १६८० सालीं प्रारंभ केला व संभाजीराजांच्या कारकीर्दींत तो पुरा झाला. पुढें आंगऱ्यांच्या आरमाराचें हें मुख्य ठाणें झालें. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. लाटेचें पाणी फटींतून आंत शिरतें व परत जातें, त्यामुळें तटाला धक्का कमी बसतो. आंत राघोजी आंगऱ्यांनीं १७५९ सालीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ आहे. दर्शन घेऊन आम्ही ओट्यावर टेंकलों, तेव्हां तेथल्या एका बाईंनीं आत्याबाईंस तांब्याभर पाणी दिलें.

"हें पाणी कोठलें?"

"इथल्याच विहिरीचें, आजी."

आत्याबाईंनीं एक घोट घेतला, मग दुसरा घेतला. उरलेलें पाणी त्यांनीं ओंजळींत घेऊन सूर्यास अर्घ्य दिलें. त्यानंतर घोडागाडी परत किनाऱ्यास लागेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत.

रात्रीं मीं आमच्या स्नेह्यांना या गोड्या पाण्याचें कारण विचारलें. हे गृहस्थ मोठ्या जहाजांवर अधिकारी होते. निवृत्तीनंतर येथें राहतात, आणि सर्व मंडळी त्यांना कप्तान म्हणतात. ते म्हणाले, "पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असतें. बेटावर पाऊस पडला कीं तो खडकाच्या भेगांतून मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर साईसारखा तरंगून राहतो. माफक उपसा केला तर तें पाणी वर्षभर गोडें राहतें. हांव धरून उपसलें कीं खालचें खारें वर आलेंच म्हणून समजा." आत्याबाई दाराशीं बसून ऐकत होत्या.

अष्टमीस सकाळीं सातच्या सुमारास थळच्या किनाऱ्यावरून आमची नाव निघाली. नाव सुमारें तीस फूट लांबीची, लांकडी बांधणीची; डिझेलचें यंत्र होतें, पण डोलकाठी व शीडही होतें. सुकाणूवर थळचाच एक जुना तांडेल व हाताखालीं त्याचा नातू. पहांटेचा मतलई वारा अजून जमिनीकडून वाहत होता. समुद्र तळ्यासारखा निवांत होता.

किनाऱ्यापासून सुमारें पांच किलोमीटरांवर खांदेरी व तिच्या अलीकडे उंदेरी अशीं दोन बेटें आहेत. खांदेरीवर शिवछत्रपतींनीं १६७९ सालीं तट बांधावयास घेतला. मुंबईचे इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीं मिळून तो बंद पाडण्याची शिकस्त केली. पण मायनाक भंडारी व दौलतखान यांच्या लहान, उथळ गलबतांनीं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना रात्रीच्या अंधारांत चकविलें आणि बेटावर सामान पोंचविलें. त्यावर सिद्दीनें १६८० च्या आरंभीं उंदेरी ताब्यांत घेऊन तेथें आपला तट उभारला. एकमेकांवर डोळे वटारून बसलेल्या दोन भाऊबंदांसारखीं तीं बेटें आजही समोरासमोर आहेत.

खांदेरीवर १८६७ सालीं बांधलेला दीपगृहाचा मनोरा आहे, कोळी बांधवांचा वेताळ आहे, आणि एक मोठा धोंडा आहे. त्यावर लहान दगडानें ठोकलें असतां धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. पुतण्यानें ठोकून पाहिलें. आत्याबाई म्हणाल्या, "हंड्यासारखा वाजतो. रिकाम्या हंड्यासारखा." तांडेल हंसला. आम्हां लातूर-नांदेडच्या मंडळींस मात्र तेवढें हंसूं आलें नाहीं.

तेथून नाव दक्षिणेस वळली. डाव्या हातास किनारा सरकूं लागला : नारळी-पोफळींच्या वाड्या, त्यांपुढें काळ्या खडकांचे सुळके, आणि सर्वांच्या मागें सह्याद्रीची निळी भिंत. आजवर ही भिंत मीं घांटमाथ्यावरूनच पाहिली होती. समुद्रावरून पाहतांना तिचा खरा अर्थ कळला. पावसाळ्यांत मेघ या बाजूनें येतात, भिंतीस थडकतात व येथेंच रिते होतात. अलिबागेस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, लातुरास सातआठशें. आमच्याकडे येतें तें उरलेलें. आणि खडक मात्र दोन्हींकडे एकच! सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर पसरून हें दख्खनचें पठार झालें. ज्या काळ्या पाषाणावर येथें लाटा फुटत होत्या, त्याच पाषाणाचे चिरे आत्याबाईंच्या आडाला आहेत. हा पाषाण पाणी शोषीत नाहीं; त्याच्या भेगांत व वरच्या मुरुमांत राहील तेवढेंच आपलें. म्हणूनच शेंकडों फूट खोल बोअर घेऊनही हातीं धूळ लागते, आणि तीस फुटांचा आड नीट राखल्यास साऱ्या बोळाला पुरतो.

चौलच्या समोर समुद्रांत चौल-काडू म्हणून खडकाळ जागा आहे; जहाजांस इशारा म्हणून तेथें मनोरा उभारलेला आहे. त्याच्या आंतल्या अंगानें आम्ही चाललों होतों. दोन वाजून गेले होते. वारा फिरून वायव्येचा झाला होता व पाण्यावर पांढरे तुरे दिसूं लागले होते. इतक्यांत यंत्र गचका देऊन बंद पडलें. कोणाच्या तरी तुटक्या जाळ्याची नायलॉनची दोरी पाण्यांतून वाहत आली होती. ती पंख्यास गुंडाळली गेली. नाव आडवी झाली आणि लाटांबरोबर खडकाकडे सरकूं लागली. माझ्या पत्नीनें रामरक्षा सुरू केली. मला तर १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला जातांना काशाच्या खडकापाशीं बुडालेली 'रामदास' बोट आठवली. तींत सहाशेंवर माणसें गेलीं.

तांडेलानें एक शब्द उच्चारला नाहीं. कप्तान व तो अशा दोघांनीं मिळून शीड चढविलें. तें फडफडलें, भरलें, आणि नाव हळूहळू खडकापासून फांकूं लागली. पुरेसें अंतर पडल्यावर शीड उतरवून नातवानें कमरेस दोर बांधला, कोयती दांतांत धरली व पाण्यांत उडी घेतली. तीन वेळां वर येऊन चौथ्या वेळीं तो हातांत हिरव्या दोरीचा गुंता घेऊन आला. सगळा प्रकार पाऊण घटकेचा असेल. मला व पत्नीस उलट्या झाल्या. आत्याबाई डोलकाठीशीं टेंकून बसल्या होत्या. त्यांनीं आपल्या लुगड्याचा पदर त्या भिजलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरविला आणि डब्यांतला लाडू त्याच्या हातावर ठेविला.

भरतीचें पाणी चढूं लागल्यावर आम्ही रेवदंड्याच्या खाडींत शिरलों. कुंडलिकेच्या या मुखाशीं रेतीचा उंचवटा आहे. पाणी उणें असतांना त्यावर लाटा फुटतात, म्हणून तांडेलानें बाहेर बराच वेळ वाट पाहिली. उजव्या हातास कोर्लईचा डोंगर समुद्रांत घुसलेला व त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. पायथ्याच्या कोर्लई गांवांत कांहीं ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें बनलेली एक भाषा आजही बोलतात.

रेवदंडा व चौल हीं गांवें पाहतांना माझी ती जुनी समजूत पार बदलली. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी याच चौल बंदरांत उतरला आणि जुन्नरवरून बेदरास गेला. बेदर म्हणजे आमच्या उदगीरचें शेजारगांव! रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. त्याच्याही चौदाशें वर्षें आधींच्या एका ग्रीक प्रवासवर्णनांत पैठण व तगर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. त्यांतच चौलचेंही नांव बंदरांच्या यादींत येतें. तगर म्हणजे लातुराशेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतलें तेर. म्हणजे समुद्र आमच्या वांट्याचा होता. आम्हीं तो विसरलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं धीर करून लिफाफ्याचा विषय काढला. आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. गाडींत तुझ्या पिशवींतून पंचा काढतांना पाहिला मीं तो. उद्यां जंजिरा पाहूं. मग बोलूं."

मी ओशाळलों. ज्या बाईंनीं आमच्या आईच्या आजारपणांत आम्हां भावंडांस सहा महिने सांभाळलें, त्यांना समुद्र दाखविण्याच्या मिषानें मी कागद घेऊन आलों होतों.

नवमीस प्रातःकाळीं निघून काशीद, नांदगांव मागें टाकून आम्ही मुरुडासमोर आलों. प्रथम उजवीकडे पद्मदुर्ग लागतो. जंजिऱ्यास शह देण्यासाठीं शिवछत्रपतींनीं बांधलेला हा किल्ला. त्याच्या तटाची एक गोष्ट पाहण्यासारखी आहे : साडेतीनशें वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानें दगड झिजून आंत गेले आहेत, पण सांध्यांतला चुना तसाच राहून मधाच्या पोळ्याच्या कडांसारखा पुढें आलेला आहे.

राजपुरीस नांगर टाकून तेथील शिडाच्या होडींतून आम्ही जंजिऱ्यास गेलों. अगदीं जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठें आहे याचा पत्ता लागत नाहीं. १९ बुरुज, सुमारें २२ एकरांचें बेट, आणि कलालबांगडी नांवाची प्रचंड तोफ. मराठे, इंग्रज, पोर्तुगीज यांपैकीं कोणासही हा किल्ला जिंकतां आला नाहीं. सिद्दींचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला आम्ही निजामाच्या अमलांतून सुटलों. सिद्दी मूळचे आफ्रिकेंतले हबशी. औरंगाबादेस सतराव्या शतकाच्या आरंभीं नहर खणून गांवाला पाणी पुरविणारा मलिक अंबर हाही हबशीच. पाण्याची किंमत त्या लोकांस चांगली कळत असावी.

किल्ल्याच्या मध्यभागीं गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. त्यांच्याच बळावर हा किल्ला वेढ्यांतून टिकला आणि कांहीं दशकांपूर्वीपर्यंत येथें वस्तीही नांदत होती. आम्ही गेलों तेव्हां पाणी हिरवेंगार होतें व कांठाशीं प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. आत्याबाई पायरीवर बसल्या व बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.

"शत्रू बाहेर, समुद्र बाहेर आणि पाणी मधोमध," त्या म्हणाल्या. "घर बांधणारानें आधीं हें पाहिलें. आमचीं मुलें घर बांधायला निघालींत तीं हेंच बुजवून."

"पण आत्याबाई, आड आटलाय."

"आटला नाहीं रे. आम्ही त्याच्या तोंडावर फरशी घातली आणि चोहोंकडून बोअर मारून त्याच्या झऱ्यांतलें पाणी ओढून घेतलें. कप्तान काय म्हणाले तें ऐकलेंस ना? हांव धरली कीं झालें." थोडें थांबून त्यांनीं हात पुढें केला. "आण तो कागद. मुलांना घर हवें, तें कांहीं खोटें नाहीं. सही करतें, पण आधीं त्यावर लिही : आड राहील. छपराचें पावसाचें पाणी वाळू-कोळशांतून गाळून त्यांत सोडावें. मोटारी कोठें उभ्या करायच्या तें त्यांचें त्यांनीं पाहावें."

मीं त्या तलावाच्या पायरीवर बसून कागदाच्या समासांत तें लिहिलें. त्यांनीं खालीं सही केली, अक्षर किंचित् थरथरलेलें. पण पूर्ण नांव, सासरच्या आडनांवासह.

परतल्यावर आतेभाऊ माझ्यावर रुष्ट झाला हें सांगावयास नकोच. आराखडा बदलावा लागला, दोन मोटारींची जागा गेली आणि बांधकाम वर्षभर लांबलें. परंतु चैत्रांत फरशी निघाली. आडांतून अकरा गाड्या गाळ व केर निघाला. त्यांत आत्याबाईंच्या सासूबाईंच्या वेळची एक पितळी कळशीही सांपडली. जुन्या छपराची पन्हळ वाळू-कोळशाच्या हौदांतून आडांत सोडली गेली.

आषाढांत खांदेरीचें नांव वर्तमानपत्रांत वाचलें. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत खांदेरी आहे. ही बातमी सांगावी म्हणून मीं लातुरास फोन केला. आत्याबाईंनीं ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चांगलें झालें. तो वाजणारा धोंडा आहे ना, तोच?" मग स्वतःची बातमी सांगितली :

"आडांत हातभर पाणी आलंय. चव अजून मचूळ आहे, पण आलंय."